वर झोपायचं तर हिशोब स्लॅबपासून खाली करा

ताई, तुमचं सगळं नीट वाचलं. पर्वरीला तीनशे स्क्वेअर फुटांचा स्टुडिओ, स्वतःचा, स्लॅब साडेनऊ फुटांवर, दोघंही घरून काम करता, मधूनमधून कुडाळहून आई येऊन राहतात, म्हणून पलंग वर चढवायचाय आणि त्याच्या खाली उभं राहून फिरता येईल एवढी जागा हवीय. सुतार म्हणतो तीन बाजूंनी भिंतीला अँगल मारतो, वर प्लाय टाकतो, पाय नकोतच, दोन दिवसांत मोकळे. फॅब्रिकेटर म्हणतो लोखंडी पाइपचा सांगाडा करू. आणि तुम्ही विचारताय कुणाचं ऐकायचं.

मी डिचोलीकडचा, फर्निचर आणि फॅब्रिकेशन दोन्ही करतो, पणजी म्हापसा वास्को इकडच्या लहान फ्लॅटांत असले वरचे पलंग बरेच बसवलेत. सांगाडा करा, स्वतःच्या पायांवर उभा राहणारा, भिंतीवर लटकलेला नको. पण त्याच्याही आधी तुम्ही उंची जी ठरवलीय ती बदला, कारण तुम्ही हिशोब जमिनीपासून वर केलाय आणि तो स्लॅबपासून खाली करायचा असतो. सगळे जण खाली किती जागा सुटते तेवढंच मोजतात, पण रात्रीचे सात-आठ तास माणूस राहणार आहे वर, त्या उरलेल्या हवेत, आणि गोव्यातली एप्रिल-मेची रात्र काय असते ते तुम्हाला सांगायला नको.

आकडे मांडतो. साडेनऊ फूट म्हणजे ११४ इंच. खाली उभं राहायला तुम्ही सव्वासहा फुटांच्या वर, म्हणजे ७६ इंच धरलेत. सांगाडा आणि प्लाय मिळून ४ इंच जातात. तुमची आत्ताची स्प्रिंगची गादी ८ इंचांची आहे म्हणता. झाले ८८. उरले २६ इंच. बसलेल्या मोठ्या माणसाची बुडापासून डोक्यापर्यंतची उंची साधारण ३३ ते ३६ इंच असते, म्हणजे २६ इंचांत तुम्हाला उठून बसताच येणार नाही, कूस बदलून सरपटत उतरावं लागेल, चादर घालायची तर पोटावर झोपून. महिन्याभरात असा पलंग सामान टाकायचा माळा होतो आणि माणसं खाली गादी घालून झोपतात, हे मी लोकांच्या घरी डोळ्यांनी बघितलंय.

म्हणून वरून सुरू करा. स्लॅबपासून गादीपर्यंत किमान ३९ इंच हवेत, म्हणजे बसल्यावर डोक्यावर तीनेक इंच मोकळे राहतात. ११४ मधून ३९ गेले, ७५ राहिले. गादी ५ इंचांची घ्या, ८ इंचांची स्प्रिंगची गादी वरच्या पलंगाला नकोच, जडही होते आणि उंचीही खाते. मग सांगाड्याचे ४ गेले की खाली उरतात ६६ इंच, साडेपाच फूट. आता तुम्ही म्हणाल चला साडेपाच तरी मिळाले, आणि इथेच मी लोकांना थांबवतो. साडेपाच फुटांवरची लोखंडी कड ही सगळ्यात वाईट उंची. आपल्याकडच्या बऱ्याच माणसांचं डोकं बरोबर तिथे येतं, नजरेच्या थोडी वर असल्यामुळे कड दिसत नाही, आणि रोज कुणीतरी कपाळ आपटून घेतं. त्यापेक्षा खाली ५ फूट ठेवा. पाच फुटांवरची कड समोर डोळ्यांत भरते, माणूस आपोआप वाकतो, आणि खालची जागा बसण्याची आहे हे घरात शिरल्या शिरल्या कळतं. खुर्चीवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण साडेचार फुटांवर असतं, म्हणजे टेबल-खुर्ची पाच फुटांखाली आरामात बसते, फक्त उठताना खुर्ची मागे ओढून उठायची सवय लागायला पाहिजे. आणि वर तुम्हाला मिळतात ४५ इंच, पावणेचार फूट. त्यात माणूस बसतो, वाचतो, हवा फिरते, आणि पडलाच कुणी तर सहा इंच कमी उंचीवरून पडतो. मी असतो तर हेच केलं असतं.

आणि ज्यांचा स्लॅब नऊ फुटांच्याही खाली आहे, किंवा पीओपीचं सीलिंग करून उंची घालवली आहे, त्यांनी असा उंच पलंग करूच नये. अडीच-तीन फुटांचा ओटा करावा, खाली मोठे ड्रॉवर, दोन पायऱ्या चढून वर. त्यातही कपाट भरेल एवढं सामान मावतं.

आता भिंतीबद्दल, कारण सुताराचा बेत तिथेच अडतो. मुंबईकडे भिंतीला अँगल मारून माळे करायची पद्धत आहे आणि सामानाच्या लहान माळ्याला ती चालतेही. आपल्याकडे फ्लॅटांत कॉलम-बीम काँक्रीटचे असले तरी मधली भिंत बऱ्याचदा चिऱ्याची (जांभ्या दगडाची) असते, नाहीतर सिमेंटच्या ब्लॉकची, आणि नवीन बिल्डिंगांत हलक्या एएसी ब्लॉकची, म्हणजे ज्याच्या पोटात हवेचे बुडबुडे असतात. तुमच्याकडे काय आहे हे एका भोकात कळतं: ड्रिल मारल्यावर लाल भुकटी आली तर चिरा, करडी जड भुकटी आली आणि ड्रिल अडखळत गेलं तर काँक्रीट, पांढरट हलकी पूड आली आणि ड्रिल लोण्यात गेल्यासारखं गेलं तर एएसी. चिरा वजन खालून घ्यायला उत्तम आहे, दोन-दोनशे वर्षांची घरं त्याच्यावर उभी आहेत, पण तो सच्छिद्र असतो, त्याच्या पोटात मऊ मातीचे कप्पे असतात, आणि अँकर फास्टनर जो आत फुगून धरतो त्याला धरायला घट्ट काही मिळेलच असं नाही. पहिल्या दिवशी तो घट्टच वाटतो. पण पलंगावर वजन नुसतं ठेवलेलं नसतं, माणूस चढतो, उतरतो, कूस बदलतो, रोज थोडं थोडं हलवतो, त्यात बाहेरची भिंत पावसाळ्यात पाणी ओढते, फास्टनर गंजतो, आणि भोक हळूहळू मोठं होत जातं. पायांशिवाय लटकलेला पलंग सुटतो तेव्हा आधी सांगून सुटत नाही.

वजन किती धरायचं तेही सांगतो. आपल्या आयएस ८७५ या भारतीय मानकात घरातल्या खोल्यांसाठी चौरस मीटरला साधारण २०० किलो धरायला सांगितलंय. तुमचा पलंग साडेसहा बाय पाच फूट, म्हणजे तीन चौरस मीटर, म्हणजे ६०० किलो. तुम्ही दोघं मिळून दीडशे असाल, पण डिझाइन ६०० लाच करायचं, कारण गणेश चवथीला भावंडांची चार मुलं वर चढून नाचणार आहेत.

सांगाडा असा करा. चार पाय ५० बाय ५० मिलिमीटरच्या चौकोनी पाइपचे, जाडी ३ मिलिमीटर. भोवतीची चौकट ८० बाय ४० ची, जाडी तीच, आणि ती उभी लावायची, म्हणजे ८० ची बाजू उभी. फुटपट्टी आडवी धरली की वाकते आणि धारेवर उभी धरली की वाकत नाही, तसंच हे, ८० बाय ४० चा पाइप उभा लावला तर आडव्याच्या जवळजवळ तिप्पट कडक होतो आणि खर्च एक पैसा जास्त नाही. तरी बरेच वेल्डर आडवा लावतात कारण त्यावर प्लाय ठेवायला रुंद जागा मिळते आणि दिसायला सडपातळ दिसतं, तुम्ही उभं राहून बघा. सगळीकडे ५० बाय ५० च लावू म्हणाला तर तुटणार नाही, मी गणित करून बघितलंय, पण पूर्ण वजनाला साडेसहा फुटांच्या बाजूला मधोमध पाऊण सेंटीमीटरच्या आसपास खाली जाईल आणि झोपणाऱ्याला ते झुलल्यासारखं लागतं. ८० बाय ४० ला तेच चार मिलिमीटरच्या आत राहतं. आडव्या दांड्या ५० बाय २५ च्या, २ मिलिमीटर जाडीच्या, त्याही उभ्या, एकीपासून दुसरी सव्वा फुटावर, जास्त लांब नकोत.

बाजारात फर्निचरचा पाइप म्हणून १६ गेज, १८ गेज मिळतो, म्हणजे १.६ आणि १.२ मिलिमीटर. तो खुर्चीला, रॅकला ठीक. पायांना आणि चौकटीला तो नको, आणि पाइपावर आयएस ४९२३ छापलेलं असेल तो घ्या. गेज तोंडी ठरवू नका, पाइप कापल्यावर तोंडाशी व्हर्नियर (जाडी मोजायचं हत्यार) लावून बघता येतं, बघितलं की फॅब्रिकेटरही समजतो की गिऱ्हाईक जागं आहे.

वजनापेक्षा लोकांना खरा त्रास होतो तो हलण्याचा. पलंग मोडत नाही पण कूस बदलली की डुलतो, आणि एकाची झोप दुसऱ्याच्या हाती जाते. त्याला जाड पाइप हे उत्तर नाही. चार पाय आणि वर चौकट एवढंच असलं की कितीही जाड लोखंड घाला, चौकोन तिरका होतोच. त्याला तिरकं काहीतरी लागतं. मागच्या भिंतीकडच्या बाजूला पट्टीची कैची, म्हणजे फुलीसारख्या दोन तिरक्या पट्ट्या मारा, एका टोकाच्या बाजूला दुसरी, आणि जिथे समोरून मोकळं हवंय तिथे दोन्ही कोपऱ्यांना फूटभर लांबीचे तिरके टेकू. कैची टेबलाच्या मागे जाते, दिसतसुद्धा नाही. हे झालं की मग भिंतीचा उपयोग करायचा: मागे दोन ठिकाणी सांगाडा भिंतीला बोल्टने बांधा, शक्यतो कोपऱ्यातल्या काँक्रीटच्या कॉलमला, चिऱ्याशिवाय पर्यायच नसेल तर केमिकल अँकर वापरून, म्हणजे भोकात रसायन भरून चिकटवलेला बोल्ट. इथे भिंत वजन घेत नाही, फक्त डुलणं थांबवते, आणि तेवढं ती नीट करते. बांधलेलं सुटलं तरी पलंग खाली येत नाही, जागेवर उभा राहतो, हा सगळा मुद्दा आहे.

पायाखाली ५ इंची चौकोनी, ६ मिलिमीटर जाडीची प्लेट आणि तिच्याखाली रबर. पाय जिथे येणार त्या टाइलवर आधी नाण्याने ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर ती टाइल खाली भरलेली नाही, तडकणार, पाय चार इंच सरकवा.

सगळं वर्कशॉपमध्ये वेल्ड करून फ्लॅटमध्ये नट-बोल्टने जोडायचं, प्रत्येक जोडाला १० मिलिमीटरचे दोन बोल्ट. फ्लॅटमध्ये वेल्डिंग करू देऊ नका, ठिणग्यांनी टाइलवर काळे ठिपके पडतात ते निघत नाहीत, पडदे-गाद्या जवळ असतात, आणि मुख्य म्हणजे घाईत जोडावर रंग नीट होत नाही. थिवी, कुंडई, वेर्णा या इंडस्ट्रियल इस्टेटींच्या आसपास चांगले फॅब्रिकेटर आहेत, त्यांना असं बोल्टचं काम सवयीचं असतं. साडेसहा फुटांचा तुकडा तुमच्या लिफ्टमध्ये किंवा जिन्याच्या वळणात फिरतो का तेही आधी टेपने बघून घ्या.

गंजाचं थोडं विस्ताराने लिहितो कारण बाहेरचे लोक डिझाइन देतात त्यात हे नसतं. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यात समुद्राची खारी हवा. पाइप बाहेरून रंगवला तरी आतून उघडा असतो, आणि आतूनच गंजत येतो, म्हणून प्रत्येक पाइपाचं उघडं तोंड प्लेट मारून वेल्डने पूर्ण बंद करायला सांगा, प्लास्टिकचं बूच नाही. वेल्ड झाल्यावर ग्राइंडर मारून लगेच, त्याच दिवशी प्राइमर. ग्राइंड केलेलं चकचकीत लोखंड पावसाळ्यात एक रात्र उघडं राहिलं तर सकाळी तांबूस झालेलं असतं आणि त्याच्यावर मारलेला रंग वर्षभरात फुगतो. रेड ऑक्साइडचे दोन हात, वर इनॅमलचे दोन. समुद्र जवळ असेल तर जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पाइप घ्यावा, पण जीआयची एक गोष्ट लक्षात ठेवायची, वेल्ड मारला की त्या जागेचं जस्त उडून जातं, म्हणजे जिथे सगळ्यात जास्त जपायचं तिथेच कवच राहत नाही, तिथे झिंकचा प्राइमर लावावाच लागतो. आणि तो वेल्ड उघड्यावरच करू दे, जस्ताचा धूर वेल्डरच्या छातीत जातो, रात्री ताप भरतो, त्या माणसालाही घर आहे.

शक्य असेल तर हे काम ऑक्टोबर ते मे यात करा. पावसात रंग सुकत नाही, आणि चवथीच्या आधी पेंटर मिळत नाही.

लाकडातच हवं असेल तर होतं, सुताराला नाही म्हणू नका, त्याला पायांवर उभा करायला सांगा. सागवान परवडत नसेल तर आपल्याकडचा माट, किंदळ, फणस ही लाकडं आहेत, चांगली सुकलेली असली तर मजबूत. ओलं लाकूड आणलं तर उन्हाळ्यात आकसून जोड ढिले पडतात आणि रात्रभर कुरकुरतं. पाय ३ बाय ३ इंचांच्या खाली नकोत, जोड नुसत्या खिळ्या-स्क्रूवर नकोत, बोल्ट हवेत जे दर वर्षी आवळता येतात. कुठल्याही पायाशी बारीक पिठासारखी भुकटी दिसली तर ती किडीची, लगेच बघायचं. पण खरं सांगायचं तर तेवढ्याच ताकदीला लाकूड जाड लागतं, आणि साडेनऊ फुटांत प्रत्येक इंच मोजून आहे, म्हणून तुमच्या खोलीला मी लोखंडच घेईन.

वरचा प्लाय १८ मिलिमीटर, आयएस ७१० चा, म्हणजे ज्याला मरीन म्हणतात, ज्याची चाचणी ७२ तास उकळून करतात. आयएस ३०३ चा एमआर ग्रेड, जो थोडाफार ओलसरपणाच सोसतो, आपल्या हवेला नको. शिक्का प्रत्येक शीटवर बघा, एका शीटवर नाही. पार्टिकल बोर्ड, एमडीएफ तर अजिबात नको, पहिल्या पावसाळ्यातच कडा फुगतात आणि स्क्रू सुटतात.

आणि प्लाय अखंड ठेवू नका. अंगाची वाफ आणि घाम गादीतून खाली जातो, खाली बंद प्लाय लागला की तिथेच थांबतो, आणि जुलैत गादी उचलून बघितली तर खाली हिरवी-काळी बुरशी. एक-एक इंचाची भोकं पाडून घ्या, सहा-सहा इंचांवर, दांड्यांच्या जागा सोडून. नाहीतर प्लायऐवजी तीन इंची फळ्या, मधे दोन बोटं फट ठेवून. भिंतीपासून गादी दोन इंच लांब, विशेषतः पश्चिमेकडची किंवा बाहेरची भिंत असेल तर, कारण पावसाळी वारा तिकडूनच मारतो आणि ती भिंत सप्टेंबरपर्यंत ओलसर राहते. काथ्याची गादी हवा खेळवते पण एकदा ओल धरली की लवकर सुकत नाही, फोमची हलकी असते, वर उचलून उभी करता येते. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा ती उभी करून खाली पंखा लावायचा, दुसरा उपाय नाही.

पंख्याचं आता ऐका, इथे कृपा करून काटकसर करू नका. तुमच्या खोलीत सीलिंग फॅन मधोमध आहे. त्याची पाती स्लॅबपासून फूटभर खाली असतात आणि वर बसलेल्या माणसाचं डोकं, वर केलेला हात, झटकलेली चादर सगळं त्याच उंचीवर येतं. पलंगाची कड आणि पात्याचं टोक यात किमान तीन फूट आडवं अंतर मिळत नसेल तर तो पंखा काढाच, हळू चालवू, सांभाळून राहू असं नाही. पंख्याचा हूक हलवणं सोपं नाही, स्लॅबमधला असतो, म्हणून काढायचा आणि दोन भिंतीवरचे फिरते पंखे घ्यायचे, एक वर पायांकडून येणारा, एक खालच्या टेबलांसाठी. गरम हवा वर चढते, त्यात तुमचा फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर असेल तर दिवसभर तापलेला स्लॅब रात्रीही वरून ऊब देत राहतो, पावणेचार फुटांवर ती अंगाला जाणवते. एसी लावून खाली थंड होतं आणि वर घाम येतो, कारण थंड हवा खाली बसते, तेव्हा एसी असला तरी वरचा पंखा लागतोच. एसीचा झोत थेट उशीवर येणार नाही अशी उशीची बाजू निवडा.

स्टुडिओत स्वयंपाकाचा ओटाही त्याच खोलीत. मासे तळले की धूर आणि वास सरळ वर जाऊन तुमच्या उशीत बसतो, चांगला एक्झॉस्ट लावा आणि ओट्यापासून सगळ्यात लांबचा कोपरा पलंगाला घ्या. बॅटरीवरचा स्मोक अलार्म वर स्लॅबला लावून टाका, आग लागली तर धूर आधी झोपलेल्या माणसापर्यंत पोचतो. याच कारणाने जिना ओट्याच्या बाजूला उतरता नको, दरवाजाच्या बाजूला हवा.

वायरिंग सांगाड्याच्या पाइपातून ओढतात कारण दिसत नाही. नको. कापलेल्या पाइपाची कड वायर सोलते आणि अख्खा लोखंडी पलंग करंटचा होतो. पीव्हीसी पट्टीतून भिंतीवरून न्या, वर एक दिवा, एक चार्जिंगचा पॉइंट, दिव्याचं बटण वर आणि खाली दोन्हीकडे, आणि डीबीमध्ये (घराच्या मुख्य स्विचबोर्डात) ३० मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, आहे का ते बघा, नसेल तर पलंगाच्या आधी तो बसवा.

चढण्याचं. सरळ उभी शिडी जागा वाचवते हे खरं, पण तुम्ही रात्री दोन वाजता अर्ध्या झोपेत बाथरूमला जाणार आहात, हातात काही असेल, पाय ओला असेल. प्लायची वरची पातळी ६४ इंचांवर येते, ती नऊ-सव्वानऊ इंचांच्या सात चढांत विभागा, म्हणजे सहा पायऱ्या. प्रत्येकी नऊ इंच खोल धरली तर साडेचार फूट लांब आणि दीड फूट रुंद जागा जाते, पण प्रत्येक पायरीखाली खण होतो. चपला, चादरी, पावसाळी सामान त्यात जातं, म्हणजे एक कपाटच झालं. जागा खरोखरच नसेल तर शिडी, पण तिरकी, जमिनीशी ६५-७० अंशांत, पायरी गोल पाइपची नको, चार इंच रुंद सपाट पट्टी, वर खरखरीत टेप, आणि वरच्या टोकाला धरायला दांडा गादीच्या दोन फूट वर गेलेला. शिडीला हूक नको, बोल्टने पक्की करा.

कठडा उघड्या सगळ्या बाजूंना. अमेरिकेत बंक बेडच्या नियमात गादीच्या वर किमान ५ इंच मागतात, मला मोठ्या माणसांसाठीही ते कमी वाटतं, मी १२ ते १४ इंच करतो, आणि ते गादीच्या वरून मोजायचे, प्लायपासून नाही. घरात लहान मुलं येणार असतील तर दोन गजांत तीन इंचांपेक्षा जास्त फट नको, डोकं अडकतं, आणि सहा वर्षांच्या आतलं मूल वर झोपवायचं नाही, आजी-आजोबा सोबत असले तरी.

आईंसाठी वर चढण्याचा विचार मनात आणू नका, त्या हो म्हणतील तुम्हाला बरं वाटावं म्हणून. खाली पाच फुटांच्या जागेत एका बाजूला सहा बाय अडीच फुटांचा दिवाण बसवा, दिवसा तुमचा बसायचा, त्या आल्या की त्यांचा. पलंगाची लांबी साडेसहा असल्यामुळे तो बरोबर बसतो आणि टेबल एक आत, एक खिडकीशी, असं होतं. दिवाणावरून उठताना कड डोक्याला लागू नये म्हणून तो भिंतीला चिकटवून आत न ठेवता बाहेरच्या कडेशी ठेवा, म्हणजे पाय बाहेर काढून मोकळ्यात उठता येतं, आणि भिंतीकडे जी पट्टी उरते तिच्यात सामानाचं शेल्फ.

परवानगीचं विचारलंत. सुटा होणारा, बोल्टचा पलंग हे फर्निचर आहे, सोसायटीला कळवलं की पुरे, ड्रिलिंगची वेळ सांभाळा. पण कुणी भिंतीत आय-बीम खुपसून पक्का मजला घालून देतो म्हणाला तर तो वेगळा विषय, त्याला स्ट्रक्चरल इंजिनीअर आणि परवानगी दोन्ही लागतं. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये मेझनाइनला (खोलीत मधेच घातलेल्या पोटमजल्याला) किमान २.२ मीटर उंची मागतात, तुमची अख्खी खोली २.९ मीटर, म्हणजे ते तुमच्याकडे बसतच नाही.

फॅब्रिकेटरशी बोलताना दर किलोवर ठरवा आणि माल वजनकाट्यावर करून घ्या. मी सांगितलेल्या मापांचा ८० बाय ४० मीटरला पाच किलोच्या थोडा वर आणि ५० बाय ५० सव्वाचार किलो भरतो, शिडी-कठड्यासकट सगळं मिळून शंभर ते सव्वाशे किलोच्या आत यायला हवं. साठ-सत्तर किलोत करून देतो म्हणाला तर पाइप पातळ आहे, स्वस्त नाही. पायऱ्यांचे खण प्लायचे असतील तर ते सुताराला द्या, तुमच्या त्याच सुताराला, त्याचंही काम जात नाही.

बसवून झाल्यावर गादी टाकायच्या आधी दोन मोठी माणसं वर चढवा, मधोमध बसवा, एका कोपऱ्यात बसवा, मग खालून एकाने पाय धरून सांगाडा दोन्ही दिशांना हलवून बघावा. हलला तर पैसे द्यायच्या आधी टेकू वाढवून घ्या. महिन्याभराने सगळे बोल्ट परत आवळायचे, लोखंड जागेवर बसतं तेव्हा थोडे ढिले होतात, नंतर वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, तेव्हाच पायाच्या प्लेटभोवती गंज आलाय का तेही बघायचं कारण लादी पुसताना पाणी तिथेच साचतं.

खिडकी कुठल्या भिंतीला आहे ते तुम्ही लिहिलं नाही. खोलीची मापं, खिडकी, दरवाजा, ओटा आणि डीबी दाखवून कागदावर हाताने काढलेलं एक चित्र टाका, पलंग कुठल्या कोपऱ्यात आणि जिना कुठून ते सांगतो.